पाटावर मांडलेले व्हॉल

दापोडीत ‘व्हॉल्व्ह’ असा पुरता शब्द कुणी उच्चारत बसत नाही. व्हॉल म्हणायचं आणि कामाला लागायचं. तेव्हा आपणही व्हॉलच म्हणू.

रेल्वे लाइनीला लागून असलेल्या एका गल्लीत ज्योतीरामांचं गॅरेज आहे. एक गाडी कशीबशी मावेल एवढा गाळा, मागे राहायच्या दोन खोल्या, आणि पुढे रस्त्यावर शेजाऱ्यांच्या डोळ्यांत खुपणार नाही एवढी जागा. ज्योतीराम तरुणपणी औशाकडून इकडे आले, एका उस्तादाचा मार खात पाना धरायला शिकले आणि पुढे उस्ताद थकल्यावर त्याचाच गाळा त्यांनी घेतला. माणूस तसा मवाळ. गिऱ्हाइकानं घासाघीस केली तरी हसून सोडून देणारा. पण हेडच्या कामाचा विषय निघाला की त्यांची मान ताठ व्हायची.

हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. त्यात हे व्हॉल बसलेले असतात, दिसायला थेट कुत्र्याच्या छत्रीसारखे. ते उघडले की हवा आत येते नाहीतर धूर बाहेर जातो, आणि मिटले की असे मिटायला हवेत की आतला दम जरासुद्धा बाहेर पडू नये. गाडी लाखांनी पळाली की त्यांच्यावर काजळीचे थर चढतात, कडा झिजतात, आणि मिटलेला व्हॉल नुसता मिटल्याचं सोंग करतो. मग गाडी चढाला रडते, ऑइल पिते आणि मागच्या माणसाच्या तोंडावर धूर सोडते. हल्ली असं हेड मशीनवर देतात, नाहीतर सरळ नवं आणतात. ज्योतीराम ते हातानं करायचे. हेडमधल्या ज्या कड्यावर व्हॉल टेकतो त्याला सीट म्हणतात. प्रत्येक व्हॉल त्याच्या त्याच्या सीटवर खरखरीत पेस्ट लावून घासायचा, दोघांची जोडी जमेपर्यंत. हे काम त्यांनी आयुष्यात दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नव्हतं.

आणि आता नेमका हातच दगा द्यायला लागला होता.

उजवा हात. मोठा पाना धरला की शहाण्या मुलासारखा गप्प राहायचा, पण बारीक काम पुढे आलं की बोटं थरथरायला लागायची. डॉक्टरांकडे ते गुपचूप जाऊन आले होते. घाबरण्यासारखं काही नाही, वयाचं आहे, पण आता जायचंही नाही, असं त्यांनी सांगितलं. ही गोष्ट ज्योतीरामांनी घरात कुणाला कळू दिली नाही, असं त्यांना स्वतःला वाटत होतं. चहाचा ग्लास ते भिंतीकडे तोंड करून प्यायचे. अलीकडे तो ग्लास अर्धाच भरलेला यायचा, आणि दूध महाग झाल्यापासून बायकोचा हात आखडला असं म्हणून ते मनातल्या मनात चरफडायचे.

पोरगा ज्ञानेश मात्र आंधळा नव्हता. चाकणला कंपनीत होता, शिफ्टच्या सोयीसाठी कुरुळीला बिऱ्हाड करून राहत होता. एका सुट्टीला आला तेव्हा त्यानं वडिलांच्या हातातून एक छोटा स्क्रू तीनदा पडलेला पाहिला, आणि जेवताना विषय काढला. गाळ्याला एक मोबाइलवाला भाडेकरू तयार आहे, बाबांनी आता बसून खावं, एवढंच त्याचं म्हणणं. बोलला तो प्रेमानंच, पण प्रेमानं बोललेली गोष्ट जास्त लागते. ज्योतीराम ताटावरून उठले नाहीत एवढंच. रहाटणीच्या श्यामरावांची गाडी कालच आली आहे, ते म्हणाले. तिचं हेड मी उघडतो आणि माझ्या हातानं बसवून दाखवतो. दसऱ्याला गाडी त्यांच्या ताब्यात दिली आणि इंजिन सुरात चाललं, तर गाळ्याचं नाव काढायचं नाही. नाही जमलं, तर त्याच दिवशी किल्ली घेऊन जा. ज्ञानेशनं आईकडे पाहिलं. कौशल्याबाई पोळी लाटत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. ठीक आहे, म्हणाला ज्ञानेश.

श्यामरावांची गाडी पावणेतीन लाख किलोमीटर पळालेली होती. श्यामराव चाकणलाच एका ऑफिसात इंजिनिअर, आजवर रोजचं जाणं-येणं हिच्यातून. एका मोठ्या वर्कशॉपनं त्यांना सांगितलं होतं, इंजिन बदला नाहीतर भंगारात काढा. पण त्यांच्या बायकोनं, शुभदाताईंनी, हिच्यावरच गाडी शिकून घेतली होती आणि दसऱ्यानंतर शाळेत शिकवायला त्या स्वतः चालवत जाणार होत्या. नवी गाडी नको, हिचे सगळे ओरखडे माझ्याच हातचे आहेत, असं त्या म्हणायच्या.

ज्योतीरामांनी हेड उतरवलं. आत पाहिलं तर काजळी अशी बसलेली की व्हॉलचा मूळ रंग कुठला ते सांगता येईना. हेड डिझेलमध्ये भिजवलं, अॅल्युमिनियमला चरा पडू नये म्हणून लाकडी पट्टीनं खरवडलं, तारेच्या ब्रशनं व्हॉल साफ केले. इथपर्यंत हातानं साथ दिली. मग घासायचं काम आलं. टोकाला रबराची वाटी असलेली एक लाकडी काठी असते. वाटी व्हॉलच्या डोक्यावर चिकटवायची आणि काठी दोन तळहातांत धरून इकडून तिकडे फिरवायची. काठी डुगडुगली की व्हॉल वाकडा घासला जातो. ज्योतीरामांची काठी डुगडुगत होती.

शटर अर्ध्यावर ओढून ते घासायला बसले. दोन-चार फेरे मारायचे, हात मांडीखाली दाबून धरायचा, पुन्हा फेरे मारायचे. एका दुपारचं काम दिवसेंदिवस चालू राहिलं. घटस्थापना झाली, माळा चढत गेल्या, आणि एकेक व्हॉल कसाबसा आपल्या सीटवर बसत गेला. सोळा होते. घासून झालेला व्हॉल ते मिठाईच्या रिकाम्या खोक्यात खोचून ठेवायचे. खोक्याला भोकं पाडलेली, प्रत्येक भोकापाशी पेन्सिलीनं आकडा. कुठला व्हॉल कुठल्या सीटचा, ते त्या आकड्यावरून कळायचं. अष्टमीला सोळावा व्हॉल झाला तेव्हा त्यांना रडू आलं, आणि ते डिझेलच्या वासानं आलं असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळी ज्योतीराम हेड आणि इंजिनाच्या मध्ये घालायचं नवं गॅस्केट आणायला पिंपरीला गेले. परत येताना मनात दसराच होता. आज हेड बसवायचं, उद्या गाडी द्यायची. बसमध्ये त्यांनी चक्क एका अनोळखी माणसाला व्हॉल घासण्याबद्दल माहिती दिली.

गल्लीत शिरले तर गाळ्याचं शटर पूर्ण वर. आत झाडून काढलेलं, सडा घातलेला, भिंतीपाशी पाट. दरवर्षी खंडेनवमीला कौशल्याबाई गॅरेजची पूजा मांडायच्या. पाने, हातोडी, जॅक, सगळं धुऊन-पुसून हळदीकुंकू लावायच्या. यंदाही मांडली होती. पण यंदा सगळ्यांत पुढे, मानाच्या जागी, सोळा व्हॉल उभे होते. साबणानं लखलखीत घासलेले, खोबरेल लावलेले, प्रत्येकाच्या डोक्यावर कुंकवाचं बोट आणि प्रत्येकापुढे झेंडूचं एक फूल. मोठे मागच्या रांगेत, लहान पुढच्या.

ज्योतीराम उंबऱ्यातच उभे राहिले. खोकं कुठंय, एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

कौशल्याबाई कौतुकाची वाट बघत होत्या. तेलकट झालेलं खोकं सकाळीच घंटागाडीत टाकलं, त्यांनी सांगितलं. इतके दिवस तुम्ही ह्यांच्यापायी जेवण-खाण विसरलात, म्हटलं यंदाचा मान ह्यांचाच.

आजवर असं झालं नव्हतं, कारण आजवर खंडेनवमीला हेड कधी उघडं राहिलंच नव्हतं. नवरात्रात ज्योतीराम मोकळेच असायचे. धुवायला पाने आणि जॅक, फार तर एखादी जुनी चेन. व्हॉलांची ओळ मोडायची नसते हे कौशल्याबाईंना कुणी सांगण्याची वेळच आली नव्हती, आणि तसं पाहिलं तर इतक्या वर्षांत त्यांना कुणी गॅरेजातलं काहीच सांगितलं नव्हतं.

ज्योतीराम चिडले. मवाळ माणूस चिडला की त्याला ते नीट जमत नाही. त्यांनी पिशवी आपटली, ती गॅस्केटची आहे हे आठवून लगेच उचलली, आणि मग कण्हल्यासारखे बोलत सुटले. प्रत्येक व्हॉल आपल्या सीटवर घासलेला असतो. ह्याचा त्याला चालत नाही. दिसायला सगळे सारखे, पण आता कुठला कुठला ते ब्रह्मदेवाला कळणार नाही. सगळे पुन्हा घासायला हवेत.

कौशल्याबाईंचा चेहरा उतरला. पण उतरलेल्या चेहऱ्यानं बसून राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मग पुन्हा घासा की, त्या म्हणाल्या, अजून अख्खा दिवस पडलाय.

ज्योतीराम टेबलापाशी गेले. टेबलाच्या कडेला टेकून ते पाटाकडे बघत राहिले, आणि उजवा हात त्यांनी सवयीनं डाव्या काखेत दाबून धरला.

“हात ऐकत न्हाई मनून?” कौशल्याबाईंनी विचारलं.

ज्योतीरामांनी झटकन मान वळवली.

“मला म्हाईत हाय. उन्हाळ्यापासून म्हाईत हाय. चहा सांडला की तुमी भांड्याला शिव्या द्यायचाव, मनून मी ग्लासच अर्धा भराया लागले.”

अर्ध्या ग्लासाचं कारण असं त्यांच्यापुढे आलं तेव्हा ज्योतीरामांना काय वाटलं ते सांगायला हवं. त्यांना आधी लाज वाटली. मग, इतके महिने आपण भिंतीकडे तोंड करून जे लपवत होतो ते आपल्या पाठीमागे कुणीतरी सांभाळत होतं हे ध्यानात आलं, आणि उरावरून काहीतरी जड उतरल्यासारखं झालं. ते स्टुलावर बसले आणि खरं काय ते सगळं सांगून मोकळे झाले. डॉक्टरचं, शटर अर्ध्यावर ओढण्याचं, हात मांडीखाली दाबण्याचं. आता पुन्हा सोळा घासणं माझ्यानं होणार नाही, ते म्हणाले. ज्ञानेशला फोन कर आणि किल्ली घेऊन जा म्हणावं.

कौशल्याबाईंनी फोन केला नाही. पाटावर पूजेला ठेवलेली ती घासायची काठी त्यांनी एकटक न्याहाळली आणि दोन्ही तळहात एकमेकांवर फिरवून बघितले.

“ही तर रवीच हाय की ओ,” त्या म्हणाल्या. “ताक घुसळल्यावानी फिरवायची, आसंच ना? चूक माझी हाय, तर घासणार बी मीच.”

आता यात एक अडचण होती, आणि ती खुद्द कौशल्याबाईंनीच इतकी वर्षं घालून ठेवलेली होती. पूजेला लावलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, हा त्यांचा कडक नियम. एका खंडेनवमीला घाईचं गिऱ्हाईक आलं म्हणून ज्योतीरामांनी पाना उचलला तर त्यांनी तो हातातून काढून घेतला होता आणि गिऱ्हाइकाला शिरा खायला घालून वाटेला लावलं होतं. ज्योतीरामांनी आता हळूच ती आठवण करून दिली. कौशल्याबाई अडल्या, पण फार वेळ नाही. त्यांनी अक्षता घेतल्या, डोळे मिटून देवाला काहीतरी बराच वेळ समजावून सांगितलं, अक्षता वाहिल्या आणि पाट दोन बोटं सरकवला. झाली उत्तरपूजा, म्हणाल्या. देव काही आपल्यासारखा हट्टी नाही.

पदर खोचून त्या हेडपुढे बसल्या. कुठल्या व्हॉलला कुठली सीट द्यायची ते ज्योतीरामांनी ठरवून दिलं: मोठे हवेच्या बाजूला, लहान धुराच्या बाजूला, आणि दांडी ज्या भोकात ना सैल ना घट्ट जाईल ते त्याचं. मग पेस्टचा ठिपका लावला आणि काठी त्यांच्या हातात दिली. देताना त्यांचा जीव वरखाली झाला हे कबूल करायला हवं. ती काठी उस्तादानंतर दुसऱ्या कुणाच्या हातात गेली नव्हती.

पहिल्या व्हॉलचा कौशल्याबाईंनी चांगलाच समाचार घेतला. लोणी काढायचं असल्यासारखी काठी गरगर फिरवली, पेस्ट उडाली, व्हॉल उसळला आणि टाचेवर आदळला. ज्योतीरामांनी डोक्याला हात लावला. मग त्यांना सुचलं की ओरडण्यापेक्षा सांगावं, आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. दाब द्यायचा नाही, व्हॉलचं वजन पुरे. चार फेरे झाले की जरा उचलायचा, थोडा वळवायचा, पुन्हा टेकवायचा. आणि कान इकडे ठेवायचा. सुरुवातीला खरखर येते, ती हळूहळू सरसर होत जाते. सरसर आली की थांबायचं, पुढे घासलं तर सीट खाल्ली जाते.

काठी सरळ होती. एवढी सरळ की ज्योतीराम बघतच राहिले. औशाकडच्या माहेरी डेऱ्यात पहाटेपासून ताक घुसळलेले ते हात. लग्नानंतर इथं दापोडीत दूध पिशवीतून यायला लागलं आणि त्या हातांची ती ओढ कुणाच्या उपयोगाला आली नाही. आता ती आली. तळहात मागेपुढे जात होते, मनगट हलत नव्हतं, काठी जागची ढळत नव्हती. ज्योतीराम स्टुलावर डोळे मिटून बसले आणि नुसतं ऐकत राहिले. त्यांचा हात गेला होता, कान शाबूत होता. आवाज बदलला की ते ‘बास’ म्हणायचे, आणि कौशल्याबाई थांबायच्या. व्हॉल उचलून पुसला की त्याच्या कडेवर राखाडी रंगाची एकसारखी पट्टी उमटलेली असायची, कुठं तुटलेली नाही, कुठं जाड-बारीक नाही.

दुपार कलली तसं दोघांना बोलायची सवय झाली. हे काय, ते कशाला, इथं काजळी जास्त का, कौशल्याबाई विचारत होत्या, आणि ज्योतीराम सांगत होते. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं की आपण संसारात इतकं कधी बोललोच नाही. शेवटी शेवटी तर ‘बास’ म्हणायच्या आतच काठी थांबायला लागली.

दोन व्हॉल उरले तेव्हा ज्योतीराम म्हणाले, हे मी करतो. कौशल्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि काठी दिली. पोळ्यांची वेळ झालीच आहे, म्हणत त्या मागच्या खोलीत निघून गेल्या. ज्योतीरामांनी हात मांडीखाली दाबत, थांबत, दोन्ही व्हॉल घासले. पट्टी उमटली. बरी उमटली, असं त्यांना वाटलं.

मग परीक्षा. सगळी पेस्ट धुऊन काढली, व्हॉल स्प्रिंगांसकट बसवले. स्प्रिंग दाबून धरायचं जोराचं काम ज्योतीरामांचं आणि स्प्रिंग अडकवून ठेवणारी, तांदळाच्या दाण्याएवढी लॉकं आत सरकवायचं कौशल्याबाईंचं. हेड उलटं करून दोन फळ्यांवर ठेवलं आणि वरच्या खळग्यांत रॉकेल ओतलं. व्हॉल नीट बसले असतील तर रॉकेल खाली झिरपायला नको. दोघंही खाली वाकून बघत बसले. पहिला खळगा कोरडा. दुसरा कोरडा. तिसरा कोरडा. चौथ्याच्या खालच्या तोंडाशी ओल आली, आली म्हणता म्हणता तिचा थेंब झाला आणि फरशीवर पडला.

चौथ्या खळग्यातले शेवटचे दोन व्हॉल कुणी घासले होते ते दोघांनाही ठाऊक होतं. कौशल्याबाई म्हणाल्या, रॉकेल जास्त झालं असेल. दांडीच झिजलेली असेल. त्यांनी आणखीही एक कारण काढलं असतं.

“हा माझा हाय,” ज्योतीराम म्हणाले. “काढ. दोन्ही काढ आन तू घास.”

त्यांनी घासले. पुन्हा रॉकेल ओतलं. फरशीवरचा तो एक थेंब वाळून गेला तरी दुसरा काही पडला नाही.

दसऱ्याच्या सकाळी हेड इंजिनावर चढलं. बोल्ट आवळायचं काम ताकदीचं. ते ज्योतीरामांनी क्रमानं, थोडं थोडं करत एकट्यानं केलं आणि त्यात हातानं मुळीच कुरकुर केली नाही. चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, जुनी ओल धुराच्या लोटानं बाहेर टाकली आणि मग चालायला लागलं, असं एकसारखं की गाळ्याच्या दारात बांधलेल्या तोरणाचं पानसुद्धा हलेना. ज्योतीरामांनी बॉनेटवर तळहात ठेवला. धडधड नव्हती.

संध्याकाळी श्यामराव आणि शुभदाताई गाडी न्यायला आले. नेमका त्याच वेळी ज्ञानेशही आपट्याची पानं घेऊन पोचला. शुभदाताईंनी गल्लीच्या टोकापर्यंत एक चक्कर मारली, परत येऊन काच खाली केली आणि त्या नुसत्याच हसत राहिल्या. श्यामराव मात्र बोलके. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, कान लावून ऐकलं आणि ज्ञानेशच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, मोठ्या वर्कशॉपनं मोडीत काढलेली गाडी आहे ही. काय हात आहे तुझ्या वडिलांचा, अजून जसाच्या तसा.

ज्ञानेश मनापासून खूश झाला. हरल्याचं दुःख त्याच्या तोंडावर कुठं दिसत नव्हतं. तो वडिलांच्या पाया पडला, हातात सोनं दिलं आणि म्हणाला, जिंकलात बाबा, आजच त्या मोबाइलवाल्याला नाही सांगतो.

झालं होतं. ज्योतीरामांनी आता फक्त गप्प राहायचं होतं. कौशल्याबाई दाराशी ताम्हन घेऊन उभ्या होत्या. त्या तर जन्मात बोलल्या नसत्या. गाळा राहिला होता, मान राहिला होता, आणि एवढ्या लोकांसमोर कुणी हाताकडे बघतही नव्हतं. ज्योतीरामांनी एक क्षण ते सुख घेतलं. पण इंजिन अजून चालू होतं आणि त्यांचा कान अजून शाबूत होता. त्या आवाजात आपला हात कुठंच नाही, हे त्यांच्याइतकं स्वच्छ दुसऱ्या कुणाला ऐकू येणार होतं?

“श्यामराव, हेड माझ्या हातानं झालेलं न्हाई,” ते म्हणाले. “माझा हात गेला. व्हॉल हिनं घासलेत. कौशल्यानं. सगळे सोळा.”

गल्लीत चारचौघांत बायकोचं नाव त्यांनी घेतल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. कौशल्याबाईंनी हातातलं ताम्हन खाली ठेवलं. श्यामरावांना आधी ती थट्टा वाटली. शुभदाताईंना वाटली नाही. त्या गाडीतून उतरल्या, कौशल्याबाईंपाशी गेल्या आणि त्यांचा हात हातात घेऊन उलटसुलट बघितला. दिवसभर साबण लावूनही तळहाताच्या रेषांत राखाडी पेस्ट बसलेली होती. त्यांनी तो हात तसाच धरून ठेवला आणि पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी तुमच्याकडेच, असं सांगितलं. तुमच्याकडे म्हणताना त्यांनी बघितलं कौशल्याबाईंकडेच.

गाडी गेली. शब्दाप्रमाणे आता किल्ली त्याच्याकडे यायची. ज्योतीरामांनी ती खुंटीवरून काढून टेबलावर ठेवलीसुद्धा. ज्ञानेशनं तिला हात लावला नाही. आई, तू या वयात हे सगळं करणार, असं काहीसं तो चाचरत म्हणाला.

“लगीन झाल्यापासून ह्या गाळ्याच्या मागं राहते मी,” कौशल्याबाई म्हणाल्या. “काल पयल्यांदा आत बसले. मला आवडलं बाबा.”

ज्ञानेशनं फोन काढला आणि तो बाहेर रस्त्यावर गेला. शटरच्या पलीकडून त्याचं बोलणं आत ऐकू येत होतं. गाळा द्यायचा नाही, तो त्या मोबाइलवाल्याला सांगत होता. हो, पक्कं. नाही, भाड्याचा प्रश्न नाही, गॅरेज चालू राहणार आहे. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

“आई-बाबांचं आहे ते,” ज्ञानेश म्हणाला. पलीकडच्याला नीट ऐकू गेलं नसावं, किंवा गेलंही असेल. पण त्यानं ते पुन्हा एकदा, आतपर्यंत पोचेल एवढ्या मोठ्यानं सांगितलं. “आई-बाबांचं.”

आत कौशल्याबाई काडीनं नखांतलं काळं काढत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, नवऱ्याकडे पाहिलं, आणि काडी दुसऱ्या हाताच्या नखांत घातली.